पावशीच्या पात्याचा पंचनामा

त्या घटनेला आता काही वर्षं झाली, पण घरात कुणी भाजी चिरायला बसलं की ती माझ्यापुढं येऊन उभी राहते. कुणाचंही नाव मी इथं लिहिणार नाही. ठाण्याचंही नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. ज्यांनी मला माफ केलं त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायचा मला हक्क नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण चूक माझ्या हातून झाली. मी मूळचा सिंधुदुर्गातला. नववीत शाळा सुटली. मामा मुकुटबनकडे रस्त्याच्या कामावर मुकादम होता, त्याच्या मागं इकडे आलो. पोलीस भरती निघाली. तेव्हा उंची-छाती नीट बघत, शिक्षण फारसं विचारत नसत. लागलो, आणि शिपायापासून सहायक फौजदारापर्यंत सगळी नोकरी याच जिल्ह्यात केली. घर एवढं लांब की आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचलो. या जिल्ह्यानं मला भाकरी दिली, बायको दिली, मान दिला. ते ऋण मी कधी नाकारलं नाही.

पण एक भीती कायम राहिली. कागदाची. कोरा कागद समोर आला की माझ्या हाताला घाम यायचा. पहिल्या ठाण्यावर एक रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारे, हवालदार होते, त्यांनी ते ओळखलं. त्यांनी मला एक जाड वही उतरवून घ्यायला लावली. दारूचा पंचनामा, जुगाराचा, चोरीचा, मयताचा, हत्याराचा, सगळ्यांचे नमुने. म्हणाले, "नावं, तारखा आणि मापं बदल. बाकीला हात लावू नको. हे कोर्टात टिकलेलं लिखाण आहे." त्या वहीवर माझी नोकरी तरली. त्यांचे उपकार मी आजही मानतो. आणि त्याच वहीतल्या एका वाक्यानं एका घराचं वाटोळं केलं.

झालं असं. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणेदार साहेबांना फोन आला. फोन करणारा गावातला एक व्यापारी. भांडी आणि घरगुती सामानाचं मोठं दुकान, शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसणारा माणूस. त्याची माहिती अशी, की अमुक वस्तीतला एक लोहार ऑनलाइन तलवारी विकून राह्यला आहे आणि आज बाराच्या गाडीनं त्याचं पार्सल निघणार आहे.

वस्तीचं नाव ऐकलं आणि साहेबांनी टोपी घातली. दुसऱ्या एखाद्या वस्तीचं नाव असतं तर "जरा बघून या" म्हणाले असते आणि चहा संपवला असता. हे मी आज लिहितो. त्या दिवशी मलाही त्यात काही खटकलं नाही.

पार्सल केंद्रात चार चपटे खोके सापडले. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी त्या लोहाराच्या मुलीचं नाव. नेहमीचे दोन पंच बोलावले, एक चहावाला आणि एक झेरॉक्सवाला. खोके उघडले. प्रत्येकात पुठ्ठ्याच्या म्यानात एकेक नुसतं पातं. वाकडं, चकचकीत, खाली निमुळतं शेपूट. टेप लावली. साडेदहा इंच. साहेब म्हणाले, "नऊच्या वर आहे ना? झालं."

नऊ इंच हे माप प्रत्येक पोलिसाला पाठ असतं. मी तिथंच, पार्सल तोलायच्या टेबलावर वही उघडली आणि हत्याराचा नमुना काढला. नावं बदलली, माप बदललं. बाकी वाक्य जसंच्या तसं उतरवलं: "सदरचे पाते लोखंडी, वक्राकार, एका बाजूने धारदार व टोकाशी निमुळते असून मानवी जीवितास घातक ठरेल असे हत्यार आहे." पंचांनी सह्या केल्या. चहावाल्यानं तर वाचायच्या आधीच केली. तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "जमादार, हे तर पावशीवानी दिसते."

मी म्हणालो, "तू सही कर."

विळीला इकडे पावशी म्हणतात. लाकडी पाट, त्यात उभं पातं, पायाखाली पाट दाबून बसायचं आणि भाजी चिरायची. आमच्या कोकणात तिला आडाळो म्हणतात. माझी आई रोज त्यावर बसायची. म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. क्षणभर मनात आलंच होतं. पण पाट कुठं दिसेना, माहिती तलवारीची होती, आणि वहीत पावशीचा नमुना नव्हता.

तासाभरात लोहाराला ठाण्यात आणलं. वय साठीच्या आसपास, दाढी पांढरी, तळहात कातड्यासारखे. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. पूर्वी नेर आणि ढाणकीच्या बाजारात बसायचे. विळे, खुरपी, पावश्या विकायचे. माझ्या बायकोनं संसाराच्या पहिल्या वर्षी घेतलेलं खुरपं त्यांच्याच हातचं होतं. चौकशी माझ्याकडं आली, कारण तपास अंमलदार मीच होतो.

"काय बनवता चाचा?"

"जे आजवर बनवलं तेच. पावशी."

"मग पाट कुठं आहे?"

"पाट दुसऱ्या खोक्यात गेला साहेब, सकाळच्या गाडीनं. बेटीनं वेगळा पॅक केला."

"वेगळा कशाला? लपवायला?"

ते हसले. राग नव्हता त्यात, थकवा होता. "लपवाले तलवार असती तं पाट कायले पाठवला असता? तलवार काय पाटावर बसून चालवते?"

साहेब दारात उभे होते. म्हणाले, "इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. सुरी कांद्यासाठी, कुऱ्हाड सरपणासाठी." बाकीचे हसले. मीही हसलो असेन.

मी पुन्हा विचारलं, गिऱ्हाईक कोण, किती पाती गेली, कुणी सांगितलं. चाचांनी प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर दिलं. मोबाइलचं मले नाही समजत, बेटीले विचारा. मधेच त्यांनी मलाच विचारलं, "साहेब, तुमच्या मुलुखात भाजी कायनं चिरते?"

का कोण जाणे, मी सांगितलं. आडाळो कसा असतो, त्याच्या पात्याच्या टोकाला खोबरं खोवायची दातेरी खोवणी कशी असते. ते मान खाली घालून ऐकत राहिले. आरोपीनं तपास अंमलदाराला बोलतं केलं असं माझ्या नोकरीत एकदाच झालं.

त्यांची मुलगी बाहेर बसली होती. बावीस-तेवीसची, यवतमाळला बी.कॉम. झालेली. तिला आत बोलावलं तेव्हा तिनं आधी वडिलांना पाणी दिलं आणि मग माझ्यासमोर मोबाइल धरला.

"काका, म्या नियम वाचूनच पॅक केलतं. हे पाहा."

तिनं दाखवलं ते मी वाचलं, पण त्या दिवशी समजून घेतलं नाही. कारण तेवढ्यात फोटोची वेळ झाली. टेबलावर पाती पंख्यासारखी मांडली. चाचांच्या तोंडावर काळं फडकं. मागं आम्ही सगळे, मी डावीकडून दुसरा. तो फोटो दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. फडकं असूनही चाचा कुणालाही ओळखू आले. हात झाकलेले नव्हते ना.

मग मी दुसरा कागद केला. ज्या ऑनलाइन कंपनीच्या बाजारात ती मुलगी माल विकायची, तिला पत्र. विक्रेत्याच्या खात्याची माहिती आणि गिऱ्हाइकांची यादी द्यावी, सोबत पंचनाम्याची प्रत. हेही ठरलेलंच असतं. ई-मेल गेला. चाचांना सूचनापत्र देऊन संध्याकाळी घरी सोडलं. मला वाटलं, आपण चांगुलपणा केला. आत तर ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ठाण्यात हजर. डोळे सुजलेले, आवाज मात्र सरळ. "काका, खातं बंद झालं. कायमचं म्हणते."

तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट बसवून ऐकलं. ठाण्याच्या मागं चिंचेखाली बाक आहे, तिथं.

चार वर्षांपूर्वी तिनं खातं उघडलं होतं. वडिलांची पावशी, चांगला फोटो, मराठी-हिंदीत माहिती. पुण्या-नाशकाकडून मागणी यायला लागली. शहरातल्या उभ्या ओट्यावरही कुणाला तरी खाली बसून चिरायचं असतं. लोक मागून शेरा लिहीत. दुपारी भट्टी थंड असली की ती ते शेरे बापाला वाचून दाखवी. नाशिकच्या एका बाईनं लिहिलं होतं की आजारातून उठलेल्या सासूबाई वर्षभरानं पुन्हा खाली बसून भाजी चिरू लागल्या. चाचांनी तो शेरा तिच्याकडून कितीदा तरी वाचून घेतला होता. आयुष्यभर बाजारात बसले, पण विकलेली पावशी पुढं कुठं जाते, कुणाच्या पायाखाली राहते, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

मग कंपनीनं तिच्या पावशीची जाहिरात बाजारातून काढून टाकली. कारण, धारदार वस्तू, धोकादायक बांधणी. तिनं अर्ज केला, उत्तर यंत्राचं आलं. तिनं नियम शोधला. त्यात लिहिलं होतं की पातं वेगळं, पुठ्ठ्याच्या म्यानात, चपट्या खोक्यात बांधावं. तिनं तसं सुरू केलं. जाहिरात परत लागली, पुन्हा काढली, पुन्हा अर्ज, पुन्हा लागली.

"म्हणजे पातं वेगळं बांधलं ते—"

"त्यायच्याच नियमानं. म्या नियम पाळला म्हणून तुमाले नुसतं पातं सापडलं, काका. नसता पाळला तं पावशीच सापडली असती."

तिनं मोबाइल पुढं सरकवला. त्याच कंपनीच्या बाजारात खंजीर होता. नक्षीची मूठ, दुधारी पातं. खाली लिहिलेलं, उद्या घरपोच. "ह्याले नियम नाही काय?" मग तिनं एक पावशी दाखवली. ब्रँडचं नाव मोठं, फोटो झगझगीत. "आणि हे पाहा. अख्खी पावशी, पाटासकट, पोत्यात बांधून पाठवते. पाच वर्षं झाली, एकदा नाही काढली. ओळखली काय?"

"पावश्या सगळ्या सारख्याच दिसतात."

"अब्बाची आहे."

ती मला घरी घेऊन गेली. चाचा भट्टीपुढं बसले होते, भट्टी विझलेली. त्यांनी उठून माझ्यासाठी खाट झटकली. काल ज्याच्या तोंडावर फडकं टाकलं तो माणूस आज माझ्यासाठी खाट झटकत होता. मी उभाच राहिलो.

चाचांनी एक पातं आणलं आणि शेपटाजवळ बोट ठेवलं. छिन्नीचे तीन बारीक घाव, शेजारी शेजारी. "माह्या बापाचे दोन होते. माह्ये तीन. आमच्यात लिहिता कोणाले येत होतं? हेच नाव."

मग कळलं. तो व्यापारी, ज्यानं फोन केला तोच, वर्षानुवर्षं चाचांकडून ठोक माल उचलायचा आणि स्वतःचा ब्रँड लावून त्याच कंपनीच्या बाजारात विकायचा. मुलीनं स्वतः विकायला सुरुवात केली तेव्हा त्याला दुखलं.

पण बाप-लेकीच्या सांगण्यावर तपास चालत नाही. पुरावा लागतो. तो दोन वाटांनी आला.

पहिला परत आलेल्या खोक्यांतून. खातं बंद झाल्यावर कंपनीनं रस्त्यातल्या ऑर्डरी रद्द केल्या आणि पाटांचे खोके आठवड्याभरात पार्सल केंद्रात परत आले. मी ते पंचांसमोर उघडले. या वेळी चहावाल्यानं आधी वाचलं, मग सही केली. सागवानी पाट, मधोमध खाच. मुद्देमालातलं एक पातं काढून आणलं. आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती, बोलायला तिखट. तिनं माझ्या हातातून दोन्ही घेतलं, शेपूट खाचेत ठोकलं, ठाण्याच्या ओसरीवर बसकण मारली आणि पाटावर पाय ठेवला.

"मेसमधून वांगं आणा कोणीतरी."

वांगं आलं. चार फोडी झाल्या, पाण्यात पडल्या. ती खालूनच माझ्याकडं बघून म्हणाली, "घ्या जमादार. लिहा. मानवी जीवितास घातक. वांग्याच्या जीवितास म्हणा फार तं."

कुणी हसलं नाही. साहेब आतून बघत होते, ते आत निघून गेले.

त्या दुपारी मी शस्त्र नियमांचं पुस्तक काढलं. नऊ इंच हे माप जिथं लिहिलं आहे ती ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या हत्यारांच्या यादीत आहेत खऱ्या, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या सोडून. त्याच ओळीत आहे हे. एवढ्या वर्षांत मी अर्धीच ओळ पाठ केली होती, आणि त्या अर्ध्या ओळीवर किती जणांना बसवून ठेवलं असेल ते मला मोजवत नाही.

दुसरा पुरावा मी स्वतः मागवला. जावयाच्या मोबाइलवरून त्या व्यापाऱ्याच्या ब्रँडची एक पावशी. पाच दिवसांत घरी आली, पोत्यात गुंडाळलेली. पातं पाटातून काढलं. शेपटाजवळ छिन्नीचे तीन घाव.

व्यापाऱ्याला जबाबासाठी बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला, सगळ्यांसाठी चहा सांगितला. मी दोन्ही पाती शेजारी ठेवली. एक मुद्देमालातलं, एक त्याच्याकडून आलेलं.

"तुम्ही फोनवर तलवार म्हणाले होते."

"साहेब, मी भांड्यावाला माणूस. मले लोखंडातलं काय समजते?"

"यातलं तुमचं कोणतं?"

त्यानं पाहिलं. खोटं बोलला नाही. "माल त्याचाच आहे, नाही कुठं म्हणतो? पण ब्रँड माझा आहे. म्या कंपनीले कागद देल्ले, सर्टिफिकेट देल्ले, त्यायनं मले ठेवलं. तिच्यापाशी कागद नाही, तिले काढलं."

"मग तलवार तिची आणि पावशी तुमची, असं कसं?"

"ते कंपनीले विचारा. आणि तलवार तुमीच लिहिली ना साहेब? म्या तं फक्त फोन केला."

मी त्याचा जबाब लिहून घेतला. माहिती खोटी होती हे दाखवता येत होतं. ती खोटी असल्याचं त्याला ठाऊक होतं, हे कोर्टात सिद्ध करणं वेगळं. खोट्या माहितीबद्दल कारवाईचा प्रस्ताव मी लिहिला, या वेळी वही न उघडता, चार वेळा खाडाखोड करून. साहेबांनी तो बाजूला ठेवला. "गुन्हा चुकीचा होता एवढं लिहून फाइल बंद कर. आपलीही शोभा नको." मी कोर्टात 'क' समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. कोर्टानं ती मंजूर केली. चाचांचं नाव कागदावर स्वच्छ झालं. माझ्या दृष्टीनं प्रकरण संपायला हवं होतं.

पण मुलीला हवं होतं ते खातं. चार वर्षांचे शेरे, नाशिकच्या सासूबाई, सगळं त्यात होतं. समरीची प्रत घेऊन ती तालुका कोर्टातल्या एका वकीलबाईंकडं गेली. मीही सोबत गेलो, साध्या कपड्यात.

वकीलबाईंनी जे सांगितलं ते इथं मुद्दाम लिहितो, कारण आता गावोगावी मुली असं काही ना काही विकतात. सरकारचे ई-कॉमर्सचे नियम आहेत. एकाच प्रकारच्या मालात किंवा विक्रेत्यांत कंपनी वेगळी वागणूक देत असेल, तर ती कशी देते ते विक्रेत्यांशी असलेल्या अटींमध्ये तिनं लिहून ठेवलं पाहिजे. तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता जाहीर केला पाहिजे. "म्हणजे त्या ब्रँडवाल्याला एक न्याय आणि तुला दुसरा, हे कुठल्या नियमानं, असं लेखी विचारायचा तुला आधार आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक अर्जाचा, प्रत्येक उत्तराचा फोटो काढून ठेव. त्याची पावशी, तुझी पावशी, दोन्हीच्या जाहिरातींचे तारखेसकट फोटो. हाच तुझा पंचनामा."

मुलीनं पिशवीतून फाइल काढली. सगळं होतं. पहिल्या दिवसापासूनचं, तारखेवार. बाई बघतच राहिल्या. मी मनात म्हणालो, ही पोरगी ठाण्यात रायटर असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती.

"पण ऐक," बाई पुढं म्हणाल्या, "नियम आहे याचा अर्थ वाट सोपी आहे असं नाही. खातं उघडताना तू ज्या करारावर बोट दाबलंस, त्यात वाद झाला तर लवाद म्हणून लिहिलंय, तोही दुसऱ्या राज्यातल्या शहरात. ग्राहक कोर्टात गेलो तर ते म्हणतील तू विक्रेती आहेस, ग्राहक नाहीस. स्वतःच्या पोटापाण्यासाठी सेवा घेतली असा मुद्दा मांडता येतो, मी मांडीन. पण लांबेल."

नोटीस गेली. महिन्याभरानं उत्तर आलं. वकीलबाईंनी ते वाचलं आणि माझ्याकडं दिलं.

कंपनीनं लिहिलं होतं की खातं आमच्या मर्जीनं नव्हे, स्थानिक पोलिसांच्या कागदाच्या आधारे बंद केलं. सोबत तो कागद जोडला होता. एका वाक्यावर पिवळा रंग मारलेला. मानवी जीवितास घातक ठरेल असे हत्यार आहे. खाली पंचांच्या सह्या, आणि त्याखाली माझी, नववीतल्या मुलासारखी, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली.

त्या पोरीनं चार वर्षांत कंपनीला कितीतरी अर्ज केले, तिला एकही माणूस भेटला नाही, यंत्रच उत्तर देत राहिलं. माझ्या पत्राला मात्र एका दिवसात माणूस भेटला.

मी साहेबांना न विचारता कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. पंचनाम्यातलं वर्णन चुकीचं होतं, वस्तू घरगुती विळीचं पातं आहे, कोर्टानं समरी मंजूर केली आहे. प्रत जोडली. उत्तर दोन ओळींचं आलं. निर्णय अंतर्गत धोरणानुसार असून अंतिम आहे. पहिल्या पत्राच्या वेळी धोरण आड आलं नव्हतं.

खातं परत मिळालं नाही. मुलगी आता सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरते. स्वतःचा अर्ज तिनं सोडलेला नाही. वकीलबाई लढताहेत, तारखा पडताहेत. चाचा पुन्हा त्या व्यापाऱ्याला माल देतात. नाही तर देणार कुणाला? पुन्हा बाजारात बसले तरी फोटो पाहिल्यापासून लोक त्यांच्या मालापुढं थबकत नाहीत.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगायला मला अवघड जातं. तरुण पोलीस भेटले तर एवढंच सांगतो, की नमुन्याची वही जवळ ठेवा, मलाही तिनं तारलं. पण वस्तू हातात घेतल्यावर आधी वही मिटा आणि जे दिसतं ते आपल्या मोडक्या शब्दांत लिहा. "लोखंडाचं वाकडं पातं, पावशीचं असावं, पाट सापडला नाही." एवढं जरी मी लिहिलं असतं तरी पुरे होतं. शिक्षण कमी म्हणून मी सगळी नोकरी दुसऱ्याच्या वाक्यामागं लपलो. दुसऱ्याचं वाक्य आपल्या सहीनं गेलं की ते आपलंच होतं. आणि आपला कागद कुठवर जातो, कुणाच्या हाती कसा वापरला जातो, ते आपल्याला ठाण्यात बसून दिसत नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी ठाण्यात हार, नारळ, भाषणं झाली. सगळे गेल्यावर चाचा फाटकापाशी उभे दिसले. हातात फडक्यात बांधलेलं काही. फडकं काळं नव्हतं, मी आधी तेच पाहिलं.

"बेटीनं मोबाइलवर फोटो धुंडला," ते म्हणाले. "बराबर जमलं काय, पाहा."

आडाळो होता. आमच्या कोकणातला, पात्याच्या टोकाला दातेरी खोवणीसकट. या जिल्ह्यात असा कुणीच बनवत नाही. चौकशीत मी बोललो ते त्यांनी एवढी वर्षं लक्षात ठेवलं होतं. मी पातं उलटं केलं आणि शेपटाजवळ अंगठा नेला.

"चाचा, खुणा?"

"व्यापाऱ्याले नाही पाह्यजे. ब्रँडच्या मालावर दुसऱ्याचं निशाण कायले, म्हणते." ते हसले, तसेच, ठाण्यात हसले होते तसे. "हाताची सवय मोडली, साहेब."

"यावर तरी मारा. हा ब्रँडचा नाही."

"मारतो ना. छिन्नी कुठं पडली ते पाहा लागन."

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या. छिन्नीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला काढवला नाही. आज दुपारी बायको त्या आडाळ्यावर खोबरं खोवत होती. तिचं झाल्यावर मी तो धुतला, पुसला, आणि रोजच्यासारखा पात्याच्या मुळाशी अंगठा फिरवला. तिथं काही लागत नाही.